खेळ गाजेल, पण शेअरचे काय?

मोठा व्हिडिओ गेम बाजारात येण्याआधीच तो खेळ बनवणाऱ्या कंपनीचा शेअर घेऊन ठेवावा, हा एका लेखातील सल्ला मला पटला नाही, कारण तोवर सगळी अपेक्षा भावात उतरलेली असते. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला, आगाऊ नोंदणीतूनच खर्च वसूल झाल्याचे तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने जाहीर केले, तरीही दोषांमुळे सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि शेअर कोसळला. मीही एकदा अशाच एका कंपनीत केवळ जाहिरातफीत पाहून (हसू नका) पैसे घातले होते. आता आधी ताळेबंद उघडून अपूर्ण खेळांवरचा किती खर्च मालमत्ता म्हणून दाखवला आहे, ते पाहतो. खेळ रद्द झाला की तीच रक्कम एका फटक्यात तोट्यात जाते.