स्पॅनिश नक्की कोणाला म्हणायचं? एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, राग आलाय हे कळलं, पण त्यातले मुद्दे खरंच बोलण्यासारखे आहेत म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की अख्खं जग ज्या भाषेला स्पॅनिश म्हणतं तिला मी मागच्या लेखात मधूनच 'कास्तेयानो' (त्याच भाषेचं दुसरं नाव, इंग्रजीत कॅस्टिलियन) म्हणून शिकणाऱ्या मुलांना गोंधळात टाकलं, हे नाव म्हणजे कॅटलान फुटीरवाद्यांनी (बार्सिलोनाभोवतीचा कॅटलोनिया स्पेनपासून वेगळा मागणाऱ्यांनी) काढलेलं खूळ आहे, मराठीला कोणी पुणेरी म्हणत नाही मग हे कशाला, आणि मेक्सिकन माणसाला स्पॅनिश म्हणू नका हा आग्रह तर निव्वळ पुस्तकी, कारण तुम्ही राहता त्या न्यू जर्सीत सगळे तसंच म्हणतात.

आधी फुटीरवाद्यांचं बघू. 1492 मध्ये नेब्रिहा या स्पॅनिश पंडिताने या भाषेचं व्याकरण लिहिलं ते 'कास्तेयाना' (कास्तेयानोचंच स्त्रीलिंगी रूप) भाषेचं व्याकरण म्हणून. या भाषेचे कोश आणि नियम ठरवणारी माद्रिदची रॉयल अकादमी 1713 ची, आणि तिच्या शब्दकोशावर 1914 च्या आवृत्तीपर्यंत भाषेचं नाव कास्तेयानाच होतं, 'एस्पान्योला', म्हणजे स्पॅनिश, आलं ते 1925 मध्ये. म्हणजे खुद्द अकादमीनेच जवळपास दोनशे वर्षं हे नाव वापरलं. 'एस्पान्योल'ही जुनंच नाव आहे, 1611 च्या कोवारुबियासच्या कोशाच्या नावात तर दोन्ही शेजारी शेजारी आहेत. त्यामुळे एक नाव खरं आणि दुसरं कोणीतरी मुद्दाम घुसवलेलं असं म्हणताच येत नाही.

आता पुणेरीचं. तुमची ही तुलना मला पटत नाही आणि का ते सांगते, कारण सगळा मुद्दाच इथे आहे. कास्तेयानो हा कुठल्या मोठ्या भाषेचा एक हेल नाही, कास्तिया या स्पेनमधल्या जुन्या राज्यात वाढलेली आणि त्या राज्याबरोबर पसरत गेलेली ती एक भाषा आहे. कॅटलान आणि वायव्य स्पेनमधली गॅलिसियन या तिच्या बोली नाहीत, लॅटिनपासून आलेल्या तिच्या बहिणी आहेत. उत्तरेकडची बास्क तर त्या घराण्यातलीही नाही, युरोपातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. आणि या सगळ्या स्पेनमध्येच बोलल्या जातात ना? 1978 च्या राज्यघटनेचं तिसरं कलम वाचा. कास्तेयानो ही राज्याची अधिकृत स्पॅनिश भाषा आहे असं त्यात म्हटलंय, आणि लगेच पुढे, 'इतर स्पॅनिश भाषा' आपापल्या स्वायत्त प्रदेशात अधिकृत असतील. इतर स्पॅनिश भाषा, अनेकवचनात! उद्या दिल्लीने हिंदीचं नाव बदलून 'भारतीय' ठेवलं आणि मराठी, तमिळ, बंगाली म्हणजे प्रादेशिक काहीतरी असं ठरवलं तर तुम्हाला आणि मला कसं वाटेल? बार्सिलोनातला माणूस 'एस्पान्योल' ऐकून नाराज होतो तेव्हा त्याला असंच काहीसं वाटत असतं. सगळ्यांनाच वाटतं असं नाही, तिथेही कित्येक लोक सहज एस्पान्योल म्हणतात. पण 1939 ते 1975 हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत कॅटलान आणि बास्क शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार झाल्या होत्या, मुलाचं नाव कॅटलान 'जोर्दी' ठेवलं तरी सरकारी नोंदीत 'होर्खे' लिहावं लागायचं, आणि ज्या घरांनी हे सोसलं त्यांना कुठली भाषा 'स्पॅनिश' आणि कुठली नाही या प्रश्नाचं दुखणं आहे. ते समजून घेण्याला तुम्ही राजकारण म्हणताय, मला नाही तसं वाटत.

आणि हा फक्त स्पेनचा घरगुती वाद असता तरी एक वेळ सोडून दिला असता. लॅटिन अमेरिकेत बघा, तिथे कॅटलान फुटीरवादी कुठून आले? कोलंबिया, पेरू, व्हेनेझुएला, इक्वेडोर, पराग्वे, बोलिव्हिया यांच्या घटनांमध्ये कास्तेयानो लिहिलंय, क्यूबा, ग्वाटेमाला, पनामा यांच्या घटनांमध्ये एस्पान्योल. व्हेनेझुएलातल्या काराकासमध्ये जन्मलेल्या आंद्रेस बेयो या विद्वानाने 1847 मध्ये चिलीत आपलं व्याकरण छापलं ते 'अमेरिकनांच्या' (म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या लोकांच्या) 'वापरासाठी', आणि सुरुवातीलाच म्हटलं की या भाषेला कास्तेयाना म्हणतात, एस्पान्योला म्हणणं तितकंसं योग्य नाही. नुकतीच स्पेनची सत्ता झुगारलेल्या देशांना रोज बोलायच्या भाषेत स्पेनचं नाव नको होतं असंही बरेच जण सांगतात आणि मला ते पटतं. अर्जेंटिनात आजही लोक सर्रास कास्तेयानोच म्हणतात, फक्त ब्वेनोस आयरेसमध्ये उच्चार कास्तेशानो असा होतो. मेक्सिकोत मात्र शाळेतला विषयसुद्धा एस्पान्योल.

माणसांचं आता. न्यू यॉर्क, न्यू जर्सीकडे प्वेर्तो रिकोचे आणि डोमिनिकन लोक स्वतःलाच स्पॅनिश म्हणवतात हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, त्यांनी स्वतःला काय म्हणावं हे मी कोण सांगणार. पण म्हणून हा शब्द सगळ्यांना लावायचा का? मेक्सिकोने 1821 मध्ये स्वातंत्र्य मिळवलं आणि 1827 मध्ये चक्क कायदा करून स्पॅनिश लोकांना देशाबाहेर काढलं. तिथे आज 68 आदिवासी भाषांना मान्यता आहे, 2003 च्या कायद्याने त्यांना राष्ट्रीय भाषेचा दर्जा मिळालाय. मेक्सिकोतल्या वाहाका राज्याच्या डोंगरातून आलेला, घरी सापोतेक ही आदिवासी भाषा बोलणारा माणूस तुमच्या ओळखीच्या रेस्टॉरंटमध्ये काम करत असेल तर तो स्पॅनिश कसा हो? ज्यांनी त्याचा मुलूख जिंकला त्यांचं नाव आपण त्याला देतोय. भाषेवरून म्हणायचं तर हिस्पॅनिक आहे, प्रदेशावरून म्हणायचं तर लॅटिनो आहे (ब्राझीलचा माणूस लॅटिनो पण हिस्पॅनिक नाही, माद्रिदचा याच्या उलट), आणि सगळ्यात सोपं म्हणजे देश माहीत असेल तर मेक्सिकन म्हणा ना.

तुम्ही अकादमीचा दाखला दिलाय तो मला मान्य आहे. 2005 च्या त्यांच्या शंकाकोशात (भाषेच्या वापरातल्या शंकांचा कोश) दोन्ही नावं ग्राह्य धरून एस्पान्योलची शिफारस केलीये. मराठीत मीही स्पॅनिशच लिहिते आणि पुढेही लिहीन, मागच्या लेखातही 'स्पॅनिश म्हणू नका' असं मी कुठेच म्हटलेलं नाही, भाषेबद्दल तरी नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मुलांनी मग म्हणायचं काय. डेले (परदेशी शिकणाऱ्यांसाठीची स्पॅनिशची परीक्षा) हिच्या नावातच एस्पान्योल आहे, तेव्हा फॉर्मवर, तोंडी परीक्षेत, मेक्सिकोत बिनधास्त एस्पान्योल. ब्वेनोस आयरेस किंवा लिमाला गेलात तर कास्तेयानो जास्त कानावर पडेल, तुम्हीही म्हणा. बार्सिलोना, बास्क भागातलं बिल्बाओ किंवा गॅलिसियातल्या सांतियागोत कोणाला भाषा विचारायची झाली तर कास्तेयानोत बोललं तर चालेल का असं विचारा.