पेटीला नंबर, फलनिष्पत्तीला आकडा

नागपुरातल्या प्रत्येक हौशी नाट्यमंडळात एक माणूस असा असतोच, ज्याला कुणी भूमिका देत नाही आणि ज्याच्यावाचून मंडळाचं पान हलत नाही. अनुदानाचे अर्ज भरणारा. अर्ज मंजूर झाला की तो ‘आमचा सचिव’ असतो, नामंजूर झाला की ‘तुमचा तो सचिव’. मी याच जमातीतला. त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यात कलेचा संबंध फारसा येणार नाही. अर्जातही तो फारसा येत नाही.

कलावंताची अडचण अशी की अर्जातले शब्द आपलं मत विचारताहेत असं त्याला वाटतं. ‘प्रकल्पाची उद्दिष्टे’ हा रकाना दिसला की त्याच्यातला उद्घाटक जागा होतो. ‘समाजात कलेविषयी जागृती निर्माण करणे, लोप पावत चाललेल्या लोककलांना नवसंजीवनी देणे, नव्या पिढीवर संस्कार करणे.’ अरे बाप्पा! नवसंजीवनी दिल्याचं बिल कुठून आणणार? अर्जातला प्रत्येक शब्द एक तर आकडा मागतो, नाही तर कागद. मत कुणीच मागत नाही.

म्हणून उद्दिष्टात लिहायचं ते असं: ‘दंडार या विदर्भातल्या लोककलेतली गाणी गाणाऱ्या ज्येष्ठ कलावंतांकडून १० गाण्यांचं ध्वनिमुद्रण, २० तरुणांसाठी १५ दिवसांची कार्यशाळा, शेवटी २ प्रयोग.’ खालच्या रकान्यात ‘अपेक्षित फलनिष्पत्ती’ येते तेव्हा हेच पुन्हा उतरवायचं नाही. गाणी, तरुण, प्रयोग हे मोजता येणारं उत्पादन झालं. त्यातून पुढे काय उरलं, ती फलनिष्पत्ती: त्या २० पैकी किमान ६ जण पुढच्या हंगामात स्वतः उभे राहून गातील. यात ‘किमान’ हा शब्द फार मोलाचा. वीसच्या वीस गातील असं उत्साहात लिहून बसलात तर अहवालात वीस नावं द्यावी लागतात, आणि त्यातले चौदा तोवर पुण्याला नोकरीला गेलेले असतात.

‘लाभार्थी’ हा आमच्या मंडळींचा सर्वात लाडका रकाना, कारण इथे आकडा टाकायला मिळतो. रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात दोनेक हजार खुर्च्या आहेत, म्हणून लाभार्थी दोन हजार. दोन प्रयोग, म्हणजे चार हजार. त्यात नाटक शहरभर गाजणारच, तर ‘अप्रत्यक्ष लाभार्थी’ पंचवीस लाख, म्हणजे अख्खं नागपूर, त्या दिवशी माहेरी गेलेल्या बाया धरून. अहवालाच्या वेळी मात्र तारखेसकट फोटो मागतात. मग आमचा फोटोवाला मंचाच्या कोपऱ्यात गुडघे टेकून असा कोन साधतो की पहिल्या तीन रांगाच दिसाव्यात. प्रत्यक्ष लाभार्थी म्हणजे ज्यांची नावं हजेरीपटावर सहीसकट येतील तेवढेच. कार्यशाळेतली मुलं, मानधन घेणारे कलावंत, तंत्रज्ञ. प्रेक्षक वेगळ्या ओळीत लिहा आणि सभागृह निम्मं भरेल असं धरून लिहा. मे महिन्यात प्रयोग असेल तर निम्म्याचं निम्मं. पंचेचाळीस अंशांत फुकट पासावरही कुणी घराबाहेर पडत नाही.

आता खरी गंमत. ‘अर्जदार संस्थेचा कायदेशीर दर्जा.’ आपल्याकडच्या बहुतेक मंडळांच्या दोन नोंदण्या असतात: एक संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली, दुसरी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली. प्रमाणपत्रं दोन, नंबर दोन. अर्जात एकाच्या जागी दुसरा पडला की छाननीत अर्ज बाजूला. नंबर बरोबर पडले तर पुढे ‘अनुसूची १’ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा, उतारा लागतो, आणि इथे भली भली मंडळं आडवी होतात. या उताऱ्यावर विश्वस्तांची नावं असतात. प्रत्यक्षात मंडळाची कार्यकारिणी तीनदा बदललेली असते, पण ‘बदल अर्ज’ कुणी दाखलच केलेला नसतो. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. नाही दिला की उताऱ्यावर अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव येतं, त्यांच्या फोटोला मंडळाच्या खोलीत चंदनाचा हार असतो. आणि अर्ज म्हणतो, ‘अध्यक्षांची सही, शिक्क्यासह.’

बदल अर्ज उशिरा दाखल करता येतो, विलंबमाफीचा अर्ज जोडून. पण तो मंजूर व्हायला जो वेळ लागतो, त्यात अनुदानाची मुदत खुशाल निघून जाते. म्हणून जाहिरात येण्याची वाट न पाहता आधी हा उतारा काढून ठेवा. नीती आयोगाच्या, स्वयंसेवी संस्थांसाठीच्या ‘दर्पण’ पोर्टलवर नोंदणी करतानाही पदाधिकाऱ्यांचे तपशील पॅनशी जुळावे लागतात. तिथे ‘बंडूभाऊ’ चालत नाही. पॅनवर जे स्पेलिंग आहे तेच, मग ते चुकीचं का असेना.

एक घोळ तर दरवर्षी ठरलेला. जोडायच्या कागदांच्या यादीत लिहिलेलं असतं ‘१२-अ’. कुणीतरी लगबगीने आयकराचं १२-अ चं नोंदणीपत्र जोडतं. दुसऱ्या पानावर ‘जीएफआर १२-अ’ मागितलेला असतो, तिथे तोच कागद पुन्हा जोडला जातो, ‘दोनदा मागितलाय म्हणजे महत्त्वाचा असेल’ म्हणून. पहिला तुमच्या संस्थेच्या आयकर सवलतीचा. दुसरा केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतला, उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना, म्हणजे मागचं अनुदान तुम्ही कुठे खर्च केलं त्याचा हिशेब. मागचं अनुदानच नसेल तर त्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहावं. रिकामा सोडू नये. रिकाम्या रकान्याचा अर्थ तपासणारा माणूस कधीच आपल्या बाजूने लावत नाही.

अर्ज संस्थेचा की व्यक्तीचा, हेही आधी ठरवा. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची फेलोशिप व्यक्तीला मिळते: २५ ते ४० वयाला कनिष्ठ, दरमहा १० हजार, ४० च्या पुढे वरिष्ठ, दरमहा २० हजार, दोन्ही दोन वर्षांसाठी. ती संशोधनाला आहे, नेपथ्याच्या प्लायवूडला नाही. तरी दरवर्षी एखादा एकोणचाळीस वर्षांचा नट ‘कनिष्ठ’ म्हणवून घ्यायला तयार होत नाही आणि अर्जाची तारीख घालवतो.

अंदाजपत्रकाकडे येऊ. इथे विनोद कमी आणि घाम जास्त. ‘स्वहिस्सा’ म्हणजे आपण घालायचे पैसे. समजा प्रकल्प ४ लाखांचा, योजना मान्य खर्चाच्या ७५ टक्के देते आणि तेही ७५-२५ अशा दोन हप्त्यांत. अनुदान झालं ३ लाख. पहिला हप्ता २ लाख २५ हजार. उरलेले ७५ हजार प्रयोग होऊन, हिशेब देऊन, तो तपासून झाल्यावर. पण नेपथ्यवाला, दिवेवाला आणि सभागृह ‘तपासून झाल्यावर’ थांबत नाहीत. खर्च पूर्ण ४ लाख आत्ताच करायचा आहे, हातात सव्वादोन आहेत. मधले पावणेदोन लाख कुणाचे? या प्रश्नावर कार्यकारिणीच्या बैठकीत जी शांतता पसरते, तशी कुठल्या शोकांतिकेच्या शेवटालाही पसरत नाही. मग सगळे कोषाध्यक्षांकडे पाहतात आणि कोषाध्यक्ष तर्री पोह्यांकडे.

काही योजनांत स्वहिस्सा ‘वस्तुरूप’ चालतो: तालमीची जागा, घरची शिलाई, कुणाची तरी गाडी. पण त्याचंही मोल बाजारभावाने, देणाऱ्याच्या सहीच्या पत्रावर दाखवावं लागतं. मार्गदर्शक सूचनांत वस्तुरूपाचा उल्लेख नसेल तर तो चालत नाही असंच समजा.

‘आवर्ती’ म्हणजे पुन्हा पुन्हा होणारा खर्च आणि ‘अनावर्ती’ म्हणजे एकदाच होणारा, यांत पेटी नेमकी कुठे बसते, हा वाद आमच्याकडे संगीतापेक्षा जुना आहे. पेटीवाल्याचं मानधन आवर्ती. पेटी भाड्याने आणली तर तेही आवर्ती. विकत घेतली की ती ‘भांडवली मत्ता’ झाली, आणि तिथून तिचं आयुष्य बदलतं. तिची मत्ता नोंदवहीत नोंद: अनुक्रमांक, खरेदीची तारीख, बिल क्रमांक, किंमत, कुठे ठेवली. मग पांढऱ्या ऑइल पेंटने तिच्या मागच्या फळीवर संस्थेचं आद्याक्षर, आडवी रेघ, वर्ष, आडवी रेघ, नग क्रमांक. रंग ओला असतानाच कुणीतरी भाता उघडतो आणि आठाचे तीन होतात. ही पेटी परवानगीशिवाय विकता येत नाही, बदलता येत नाही. तिची काळी चार चिकटली तरी ती सरकारच्या पैशातली काळी चार असते. बऱ्याच योजना भांडवली खर्चाला पैसेच देत नाहीत. माझं स्पष्ट मत: पेटी भाड्यानेच आणा.

‘पात्र कालावधी’ हा शब्द बारीक अक्षरात असतो आणि सर्वात जास्त पैसे तोच बुडवतो. या कालावधीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. आणि आमचे दिग्दर्शक म्हणजे घाईचं दुसरं नाव. ‘मंजुरी येतेच आहे, कापड घेऊन टाकू.’ इतवारीतून कापड येतं, बिल फाडलं जातं, मंजुरी येते तीन आठवड्यांनी. ते बिल मग स्वहिस्स्यातही धरलं जात नाही. दुकानदाराला ‘भाऊ, तारीख तेवढी पुढची टाका ना’ म्हणायचा मोह होतो. म्हणू नका. जीएसटीच्या बिलाची नोंद त्याच्याकडेही असते आणि सरकारकडेही.

पावत्यांचं थोडक्यात सांगतो. ५ हजारांवरच्या मानधनाच्या पावतीवर १ रुपयाचं महसुली तिकीट आणि त्यावरून जाणारी आडवी सही, नाही तर अंगठा. रक्कम अक्षरी. एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख देऊ नका, थेट बँकेत पाठवा. खडी गंमत या वऱ्हाडी लोकनाट्याचे शाहीर म्हणतील, ‘काहून बाप्पा, बँकेत कायले? हातातच द्या ना.’ त्यांना पासबुकाची झेरॉक्स आधीच मागून ठेवा, प्रयोगाच्या रात्री नाही. चहाच्या टपरीवर बिल मिळत नाही, तेव्हा चहा ‘किरकोळ खर्च’ या शीर्षाखाली, व्हाउचर करून, आणि तो एकूण खर्चात उठून दिसणार नाही इतपतच.

‘शाश्वतता’ म्हणजे अनुदान संपल्यावर तुमचं कसं चालेल. हा प्रश्न ज्यांना विचारायला हवा ते अर्जच करायला येत नाहीत. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला बुकिंग घेतात, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गावोगाव मंडप ठोकतात आणि रात्रभराचं नाटक तिकिटावर उभं करतात. त्यांना कुणी शाश्वतता विचारली तर ‘आता तिसरा अंक सुरू व्हायचाय, नंतर या’ एवढंच उत्तर मिळेल. आपण मात्र शहरातले, तेव्हा रकान्यात लिहावं: प्रशिक्षण शुल्क, तिकीटविक्री, सभासद वर्गणी, आणि प्रत्येकासमोर पटेल असा आकडा.

शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. मागची शिल्लक, मिळालेलं अनुदान, मिळालेलं व्याज, एकूण उपलब्ध निधी, खर्च, अखेरची शिल्लक. कलावंत व्याजाचा रकाना विसरतो. अनुदान बचत खात्यात पडून होतं तेवढ्या दिवसांचं व्याज आपलं नसतं, ते सरकारला परत जातं, भले ते ४१३ रुपये असो. तेवढ्यासाठी फाइल अडकलेली आहे हे मंडळींना सांगितलं की हसतात. सीएच्या सहीखाली १८ अक्षर-अंकांचा यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हवाच, नसेल तर तो कागद नुसताच कागद. ‘अखेरची शिल्लक’ शून्याखाली गेली तर काय लिहायचं, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. त्या नमुन्यात तशी सोय नाही. ती शिल्लक कोषाध्यक्षांच्या घरी असते आणि तिचा विषय तिथे निघतो.

हे सगळं झेरॉक्ससकट दोन संचांत, पानांवर क्रमांक घालून, सिव्हिल लाइन्सला किंवा जिथे द्यायचं तिथे दिलंत की आवक टेबलावरची व्यक्ती फाइल ओढून घेते आणि म्हणते, ‘ठेवा. पोच उद्या येऊन घेऊन जा.’ उद्या नाही. दुसऱ्या संचाच्या पहिल्या पानावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का, आत्ताच. शिक्क्याचं पॅड वाळलेलं असेल तर थोडं पाणी आपल्या बाटलीतलं.