लॉकडाऊनच्या स्वच्छ हवेचा अर्धाच वाचलेला पुरावा

हिवाळ्यात नागपूरची हवा बिघडल्याच्या बातम्या येऊ लागल्या की २०२० च्या लॉकडाऊनची आठवण हमखास निघते. माणसे घरात बसली आणि हवा स्वच्छ झाली, म्हणजे दोष आपल्या गाड्यांचाच, असा त्यातून अर्थ काढला जातो. मला हा निष्कर्ष अपुरा वाटतो, आणि नागपूरच्या बाबतीत तर तो आपले लक्ष भलतीकडे वळवणारा आहे.

हवा सुधारली होती, यात शंका नाही. २५ मार्चपासून ३१ मेपर्यंत टप्प्याटप्प्याने चाललेल्या त्या बंदीत सर्वांत ठळक घट झाली ती नायट्रोजन डायऑक्साइडची. हा वायू शहरात प्रामुख्याने वाहनांच्या इंजिनांतून येतो आणि हवेत काही तासच टिकतो. त्यामुळे वाहने थांबताच थोड्याच दिवसांत त्याचे प्रमाण खाली आले आणि ते उपग्रहांनाही दिसले. पंजाबातील जालंधरच्या गच्च्यांवरून हिमालयाच्या धौलाधार रांगेची शिखरे दिसली ती त्याच एप्रिलमध्ये. आपल्याकडे सीताबर्डी आणि वर्धा रोड ओस पडले, मेट्रोची व सिमेंट रस्त्यांची कामे थांबली आणि त्यांची धूळही खाली बसली.

मात्र त्या काळात जानेवारी आणि एप्रिलची छायाचित्रे शेजारी ठेवून जे संदेश फिरले, त्यांत ऋतूचा विचार नव्हता. विदर्भात एप्रिलमध्ये जमीन तापते, हवा खूप उंचीपर्यंत ढवळली जाते आणि धूर विरळ होतो. जानेवारीच्या थंड रात्री तोच धूर जमिनीलगत कोंडून राहतो. म्हणून तुलना करायची तर आधीच्या वर्षांतील एप्रिलशी, आणि तीही वारा व पाऊस हिशेबात धरूनच करायला हवी.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते, जे तितके घटले नाही. जमिनीलगतचा ओझोन अनेक शहरांत उलट वाढला, कारण त्याला एरवी नष्ट करणारा वाहनांचा नायट्रिक ऑक्साइड कमी झाला होता. फुप्फुसांत खोलवर जाणारे पीएम २.५ हे सूक्ष्म कण कमी झाले, पण नायट्रोजन डायऑक्साइडइतके नाहीत. घरोघरच्या चुली पेटतच होत्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो आणि त्यातून विदर्भाच्या जंगलांत वणवेही लागतात. त्या धुराचा आपल्या वाहतुकीशी काहीही संबंध नाही. आणि कोळशावरची वीजनिर्मिती अत्यावश्यक सेवा असल्याने मागणी घटली तशी कमी झाली, पण थांबली नाही.

नागपूरकराने थांबून विचार करावा तो इथे. शहराच्या उत्तरेला कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे ३ संच आहेत आणि शेजारी खापरखेड्यात १३४० मेगावॉटची क्षमता आहे. कोळशातील गंधकापासून तयार होणारा सल्फर डायऑक्साइड हवेत सल्फेटच्या सूक्ष्म कणांत बदलतो. हे कण अनेक दिवस टिकतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. म्हणजे शहरातील प्रत्येकाने दुचाकी घरी ठेवली तरी या स्रोताला धक्का लागत नाही. सार्वजनिक वाहतूक वाढलीच पाहिजे, हे मी मनापासून मानतो. परंतु सारा भार नागरिकाच्या सवयींवर टाकणे न्याय्य नाही.

त्या हवेबद्दल ‘निसर्गाने मोकळा श्वास घेतला’ असे जे लिहिले गेले, ते मला तेव्हाही सहन झाले नाही. त्याच आठवड्यांत भर उन्हात, कडेवर लेकरे घेऊन मजूर नागपूरवरून मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि उत्तर प्रदेशाकडे पायी निघाले होते. लोकांची रोजीरोटी बंद करून मिळालेली हवा ही पर्यावरणाची कमाई म्हणून मांडता येत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूरचा समावेश आहे, पण त्यात शहरांचे मूल्यमापन मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे धुळीसारखे जाड कणही धरणाऱ्या मापावर होते आणि देशभर निधीचा मोठा भाग रस्त्यावरील धुळीवर खर्च झाला आहे. दुसरीकडे, औष्णिक केंद्रांच्या धुराड्यांसाठीचे नियम डिसेंबर २०१५ मध्ये आले आणि त्यांची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये तर देशातील बहुतांश केंद्रांना धुरातील सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी एफजीडी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या १० किलोमीटर परिघातील केंद्रांबाबत मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र निर्णय व्हायचा आहे, आणि अशा शहरांच्या यादीत नागपूर आहे.

कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॉटच्या संचांसाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा शहरातून मोठा विरोध झाला होता. त्याच जागरूकतेने आता जुन्या संचांवरील एफजीडीची मागणी लावून धरली पाहिजे, आणि कोराडी-खापरखेडा परिसरातील गावांत सल्फर डायऑक्साइड व पीएम २.५ ची सलग मोजणी करून तिचे रोजचे आकडे मराठीत जाहीर करावेत, अशीही मागणी केली पाहिजे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली नीरी, याच शहरात असताना त्यासाठी तज्ज्ञ बाहेरून आणण्याचीही गरज नाही.