पाठीचा डबा कुठं गेला?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि सांगलीतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागला. लेखक अज्ञात, शेवटी जोडलेले हात. आशय असा: मुलांना मंडळाच्या, क्लबच्या नादाला लावू नका, आत्मविश्वास मार्कांतून येतो. तिथं सगळ्यांना मेडलं वाटून पोरं कचकड्याची करतात. पोरगं चारचौघांत अपमान झाला की पेटून उठतं. आम्हाला विहिरीत ढकललं म्हणून आम्ही पोहायला शिकलो. पैलवान खाशाबा जाधवांना कुणी कुरवाळलं होतं?

मी नऊ वर्षं दर रविवारी सकाळी आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये आठ ते चौदा वयाच्या मुलांचा गट घेतो. लेझीम, कबड्डी, वर्षातून एक नाटुकलं. त्यामुळे हा मेसेज मला एकट्याला अकरा जणांनी पाठवला. आता बोलायलाच हवं.

विहिरीपासूनच सुरू करतो, कारण मलाही ढकललं होतं. पण माझ्या पाठीला पत्र्याचा डबा बांधलेला होता. कमरेला कासरा होता आणि त्याचं दुसरं टोक काकांच्या मुठीत होतं. थोरला भाऊ आधीच पाण्यात उतरला होता. पंधरा दिवसांनी काकांनी कासरा सोडला, डबा त्याच्याही नंतर सुटला. चाळीस वर्षांनी डबा आणि कासरा विसरतो आपण, ढकललेलं तेवढं आठवतं. मग ग्रुपवर लिहितो, ‘आम्हाला ढकललं!’ बिनडब्याचं ज्यांना ढकललं, त्यांतले काही मेसेज लिहायला उरलेच नसतील.

गटातही आम्ही डबा बांधतो. सहावीतला एक मुलगा हजेरीला ‘हजर’ एवढंही म्हणायचा नाही, हात वर करायचा. त्याला स्टेजवर उभा करा, भीड चेपेल, असा सल्ला खूप जणांनी दिला. आम्ही त्याला पडदा दिला. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, त्या गावात पडदा ओढणाऱ्याला कमी लेखायचं काही कारण नाही. रंगीत तालमीच्या दिवशी तो तापानं घरी होता. दुसऱ्यानं दोरी ओढली, तर पडदा निम्म्यावर अडकला आणि राजा-प्रधानाचे नुसते पाय दिसत राहिले. पोरं हसून लोळली, पण याच्यावाचून आपलं अडतं हेही त्यांना त्या दिवशी कळलं. पुढच्या वर्षी त्यानं स्वतःहून एक वाक्य मागितलं. प्रयोगात त्या वाक्याला अडखळला. कुणी हसलं नाही.

त्याच्यासाठी आम्ही टाळ्या वाजवल्या नव्हत्या की त्याला ‘तू ग्रेट आहेस’ म्हटलं नव्हतं. आपल्यावाचून काहीतरी अडतं हे मुलाला एकदा अनुभवाला आलं की बाकीचं बरंचसं तो स्वतः करतो.

मेडलांच्या बाबतीत मात्र मेसेजवाल्याशी माझं निम्मं जमतं. शंभर मुलांना शंभर मेडलं दिली की ती घरी जाऊन खिळ्याला लटकतात, संपलं. वारेमाप कौतुकाचा तोटाही संशोधकांनी मोजलाय. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलांना व्हॅन गॉगचं एक चित्र बघून काढायला दिलं. काहींना नंतर चिठ्ठी मिळाली, ‘सुंदर चित्र काढलंस’. काहींच्या चिठ्ठीत ‘सुंदर’च्या आधी ‘अविश्वसनीय’ या अर्थाचा एक शब्द जास्त होता. ज्या मुलांना मुळातच स्वतःबद्दल फारसा भरवसा नव्हता, ती त्या एका शब्दानंतर अवघड चित्राला हात लावायला कचरली. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. एवढी मोठी शाबासकी टिकवायची कशी, ही धास्ती. म्हणून आमच्याकडे ‘वा, झकास’पेक्षा ‘मागच्या रविवारी तिसऱ्या ठेक्याला चुकत होतास, आज नाही चुकलास’ जास्त चालतं. पोरांना ते खरं वाटतं, कारण ते खरं असतं.

पण कौतुक घातक ठरलं म्हणून अपमान औषधी होतो, हे कुठलं गणित? लेझमीच्या रांगेत एकाचा ठेका चुकला की सगळ्या रांगेला दिसतं. त्या पोराची कानशिलं आधीच लाल झालेली असतात. वरून मी त्याचं नाव घेऊन ओरडलो, तर पुढच्या रविवारी त्याचं पोट दुखतं. कुणी एखादा पेटून उठतही असेल. त्याची गोष्ट आपण ऐकतो. ज्यांनी येणंच बंद केलं, त्यांची गोष्ट सांगायला कोण येणार?

आता खाशाबा. गोळेश्वर कराडजवळ, म्हणजे आपल्या शेजारचंच. त्यांचे वडील स्वतः पैलवान, पोराला कुस्तीची गोडी घरातूनच लागलेली. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला सहावा क्रमांक आला. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी त्यांच्यासाठी घर गहाण ठेवलं. कांस्यपदक घेऊन आले, तर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. कुरवाळलं नसेल, पण घर गहाण ठेवण्याला मेसेजवाला काय म्हणणार? आणि तालीम हा तरी पोरांचा क्लबच की! वस्ताद पोराला डाव शिकवताना आधी स्वतः खाली पडतो.

मार्कांचं थोडक्यात. चांगले मार्क पडले की मुलाला स्वतःबद्दल बरं वाटतं, हे खरं आहे. मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली आत्मसन्मानावरच्या संशोधनाच्या घेतलेल्या मोठ्या आढाव्याचा कलही असाच होता, नुसता आत्मसन्मान वाढवून मार्क वाढत नाहीत. कबूल. पण एकाच खांबावर मांडव घातला, तर बारावीचा एक वारा पुरतो.

राहिली मंडळं. वर्गणी, डॉल्बी आणि वाढदिवसाचे फ्लेक्स एवढंच करणारी मंडळं आहेत, माझ्या घरापासून दोन मिनिटांवर एक आहे. तिथं मुलं पाठवू नका, मीही पाठवणार नाही.

तो पडदेवाला आता आठवीत आहे. मेसेज पाठवणाऱ्या अकरा जणांत त्याचे वडीलही होते. रविवारी पावणेसातला पावसात स्कूटरवरून त्याला तेच सोडून गेले. हॉलची किल्ली त्याच्याकडे असते.