आडातलं पाणी आणि सहा जीबीचा पोर्ट

नाशिकच्या फोटोग्राफर-व्हिडिओग्राफर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. माझ्यापर्यंत तो चार जणांकडून आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: एडिटिंगच्या मशीनमधली रेड (अनेक डिस्का जोडून केलेली एकच मोठी डिस्क) जुन्या ३ जीबीच्या साटा पोर्टांवर (बोर्डावर डिस्कची केबल लागते त्या जागांवर) असेल तर ती निम्म्याच वेगाने चालते, ६ जीबीच्या पोर्टांचं कार्ड टाकलं की वेग दुप्पट. चार डिस्कांचा डेटा ३ जीबीत मावत नाही. एक जरी डिस्क हळू पोर्टवर असली तरी सगळी रेड तिच्यापायी रखडते. मल्टिकॅमचं अडकणं थांबेल, डिस्क गेल्यावर रीबिल्ड (नव्या डिस्कवर तिचा डेटा पुन्हा उभा करणं) अर्ध्या वेळात होईल. सोबत बेंचमार्कचे दोन स्क्रीनशॉट, कार्डाआधीचा आणि कार्डानंतरचा. दुसऱ्यातला आकडा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि शेवटी: २०२७ च्या सिंहस्थाआधी करून घ्या.

मी स्टुडिओंना आणि छोट्या ऑफिसांना स्टोरेज लावून देतो. हा मेसेज वाचून ओळखीतल्या दोघांनी कार्ड आणलं. एकाचा वेग होता त्याहून कमी झाला. दुसऱ्याचा सगळ्या लग्नसराईचा डेटा जाता जाता वाचला. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

"६ जीबी म्हणजे ३ जीबीच्या दुप्पट वेग."

पोर्टाचा हो, डिस्कचा नाही. आधी हे 'जीबी' म्हणजे काय ते बघा. पोर्टावरचा आकडा गिगाबिटमध्ये असतो, गिगाबाइटमध्ये नाही, आणि साटामध्ये दर ८ बिट पाठवताना तारेवर १० बिट जातात. त्यामुळे १.५, ३ आणि ६ गिगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १५०, ३०० आणि ६०० मेगाबाइट. प्रत्यक्षात यातूनही थोडं कमीच मिळतं.

आता डिस्क काय देते? मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी, काही वर्षं वापरलेली २ किंवा ४ टेराबाइटची डिस्क बाहेरच्या कडेला साधारण १५० ते २०० मेगाबाइट देते, आणि आतल्या कडेला त्याच्या निम्मं. ती ३०० च्या नळालाच पूर्ण भरत नाही, तर ६०० चा नळ जोडून काय होणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढी साधी गोष्ट आहे.

मेसेज जिथे थोडा खरा ठरतो ती जागाही सांगतो. आजच्या मोठ्या, हेलियम भरलेल्या डिस्का बाहेरच्या कडेला अडीचशेच्या पुढे जातात, म्हणजे ३ जीबीच्या काठाशी येतात. तिथे ६ जीबीचा थोडासा फायदा दिसू शकतो, तोही डिस्क रिकामी असताना. दोन ॲक्चुएटरच्या (डोकं हलवणाऱ्या दोन यंत्रणांच्या) डिस्का त्याहून पुढे जातात, पण त्या आपल्या स्टुडिओंमध्ये मी अजून पाहिलेल्या नाहीत. एसएसडी असेल तर मात्र प्रश्नच नाही: साटाची एसएसडी ३ जीबीच्या पोर्टवर खरोखर निम्मी होते. माझा अंदाज आहे की एसएसडीचा हाच अनुभव कुणीतरी हार्ड डिस्कला चिकटवला आणि तिथून हा समज पसरला.

"चार डिस्कांचा डेटा ३ जीबीत मावत नाही."

चारही डिस्का एकाच तारेतून बोलत असत्या तर हे बरोबर होतं. पण साटामध्ये प्रत्येक डिस्कला स्वतःची केबल, स्वतःचा पोर्ट आणि स्वतःचे ३०० मेगाबाइट असतात. रेड ० मध्ये (सगळा डेटा डिस्कांवर नुसता वाटून लिहिणाऱ्या रेडमध्ये) चार डिस्कांनी मिळून ७०० मेगाबाइट दिले तरी एकेका केबलवरून पावणेदोनशेच जातात. एकाच पोर्टवर बऱ्याच डिस्का टांगणारा पोर्ट मल्टिप्लायर वापरला असेल तरच ती केबल वाटून घ्यावी लागते.

चारही प्रवाह एकत्र येतात ते केबलच्या पुढे, चिपसेट (बोर्डावरचे पोर्ट सांभाळणारी चिप) आणि प्रोसेसर यांच्या मधल्या दुव्यावर. इंटेलच्या २०११ नंतरच्या काही पिढ्यांमध्ये हा दुवा सेकंदाला सुमारे २ गिगाबाइटचा आहे. चार हार्ड डिस्कांना तो पुरून उरतो.

कार्डाचं काय? बाजारात स्वस्तात मिळणारी चार पोर्टची बरीच कार्डं पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं त्याच्या) एकाच लेनवर, म्हणजे एकाच मार्गिकेवर, चालतात. मार्वेलच्या ८८एसई९२१५ या चिपचं उदाहरण घ्या: बाहेर ६ जीबीचे चार पोर्ट, आत पीसीआय एक्सप्रेस २.० ची एक लेन. ती लेन कागदावर ५०० मेगाबाइटची, हातात येतात चारशेच्या आसपास, तेही चारही डिस्कांना मिळून. बोर्डावरचा छोटा स्लॉट जुन्या १.० पिढीचा असला तर कागदावरच २५०. चार रस्ते कितीही रुंद केले आणि सगळ्या गाड्या द्वारका चौकातूनच काढल्या तर काय होतं ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. माझ्या ओळखीतल्या पहिल्या माणसाचं नेमकं हेच झालं. बोर्डावरच्या 'हळू' पोर्टांवर चार डिस्का मिळून जेवढा वेग देत होत्या, तेवढा त्या कार्डाच्या लेनमधून जाऊच शकत नव्हता.

"एक डिस्क हळू पोर्टवर असली की सगळी रेड तिच्यापायी रखडते."

हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त फसवतो. पट्टे पाडून, म्हणजे डेटाचे तुकडे डिस्कांवर वाटून, लिहिणाऱ्या रेडमध्ये सगळ्यात हळू सदस्याची वाट बाकीच्यांना बघावी लागते, हे बरोबर. पण सदस्य हळू ठरतो तो डिस्कमुळे. २०११ च्या सुमाराच्या इंटेल बोर्डांवर ६ जीबीचे दोन आणि ३ जीबीचे चार पोर्ट असत, त्यामुळे चार डिस्कांची रेड केली की दोन इकडे, दोन तिकडे बसत. एकाच मॉडेलच्या डिस्का असतील तर चौघींचा वेग सारखाच राहतो. याउलट तीन डिस्का ७,२०० फेऱ्यांच्या आणि चौथी घाईत आणलेली ५,४०० ची असेल, किंवा एखादी डिस्क खराब सेक्टर पुनःपुन्हा वाचत बसली असेल, तर पोर्ट कुठलाही असो, रेड रखडणारच. रेड अचानक हळू झाली तर आधी प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) बघा. त्यात री-ॲलोकेटेड आणि पेंडिंग (खराब म्हणून बदललेल्या आणि संशयित) सेक्टरांचे आकडे वाढत असतील तर डिस्क बदला. सीआरसी एररचा (डेटा नेताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा केबलचाच दोष असतो.

त्याच बोर्डांबद्दल एक आठवण. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने स्वतःच जाहीर केलं होतं की ६-सिरीज चिपसेटमधल्या ३ जीबीच्या पोर्टांत दोष आहे आणि ते काळानुसार खराब होऊ शकतात. सुधारित चिप लगेच आली. दोष त्या चिपचा होता, ३ जीबीच्या वेगाचा नव्हता.

"हे बघा स्क्रीनशॉट."

मेसेज पटतो तो या दोन चित्रांमुळे, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिला स्क्रीनशॉट नीट बघा: ड्राइव्ह ९१ टक्के भरलेला आहे. दुसऱ्यात तो शून्य टक्के आहे. कार्ड टाकल्यावर रेड नव्याने बनवली, फॉरमॅट केली आणि लगेच चाचणी घेतली. स्क्रीनशॉटमधला बेंचमार्क, क्रिस्टलडिस्कमार्क, आपली चाचणीची फाइल रिकाम्या जागेत लिहितो. भरलेल्या ड्राइव्हवर रिकामी जागा बहुधा आतल्या कडेला उरलेली असते, कोऱ्या ड्राइव्हवर ती बाहेरच्या कडेला मिळते. तबकडी एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या वर्तुळात जास्त डेटा मावतो, त्यामुळे एका फेऱ्यात जास्त वाचला जातो. बाहेरचा वेग आतल्याच्या जवळपास दुप्पट. स्क्रीनशॉटमधला 'दुप्पट' आकडा इथूनही येऊ शकतो, त्यासाठी कार्डाची गरज नाही.

दुसरी शंका कॅशेची. चाचणीची फाइल १ गिगाबाइटची ठेवली आहे. रेड नव्याने बनवताना राइट-बॅक कॅशे (डेटा आधी रॅममध्ये घेऊन मग डिस्कवर लिहिण्याची सोय) चालू केला असेल तर त्यातला मोठा भाग रॅममध्येच जिरतो आणि लिहिण्याचा आकडा तबकडीचा राहतच नाही. शिवाय यूपीएस नसताना लाईट गेली तर तो कॅशेतला डेटा गेला, हे वेगळंच.

खरी तुलना करायची तर डिस्क त्याच, रेड तीच, डेटाही तोच ठेवून फक्त पोर्टाचा वेग बदलायला हवा. लिनक्समध्ये हे करता येतं: बूट होताना कर्नलला लिबाटा-फोर्सचा पर्याय दिला की तोच पोर्ट ३ किंवा १.५ गिगाबिटवर उतरतो. मी २ टेराबाइटच्या चार जुन्या डिस्का घेऊन ही चाचणी केली. ऑपरेटिंग सिस्टिमचा कॅशे वगळून, आधी सुरुवातीला, मग मध्ये, मग शेवटी वाचून पाहिलं. ६ आणि ३ च्या रेषा एकमेकींवर बसल्या. १.५ ला फक्त बाहेरचा भाग कापला गेला. आत पोहोचल्यावर तिन्ही वेग एकच. तुमच्याकडे लिनक्स नसेल तर एचडी ट्यून या प्रोग्राममध्ये पूर्ण डिस्कवरचा आलेख काढा. रेषा डावीकडून उजवीकडे उतरत जाते तो तबकडीचा वेग. पोर्ट आडवा येत असेल तर रेषा उतरण्याआधी सपाट धावेल. त्यातला बर्स्ट रेट मात्र बाजूला ठेवा, तो डिस्कच्या कॅशेपासून पोर्टापर्यंतचा वेग आहे. ६ जीबीवर तो वाढलेला दिसतो आणि तुमच्या कामाला त्याचा उपयोग नाही.

"मल्टिकॅम अडकणार नाही."

१०० मेगाबिटचं फोर-के फुटेज सेकंदाला १२.५ मेगाबाइट मागतं, तीन कॅमेरे धरले तर साडेसदतीस. हे १.५ च्या पोर्टलाही जड नाही. अडकतं ते डिस्कचं वाचणारं डोकं तीन फाइलींमध्ये उड्या मारतं म्हणून. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा, म्हणजे हवा तो भाग खाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद, आणि डोकं हलायला आणखी ८-९. एका उडीला बारा-तेरा मिलिसेकंद गेले की सेकंदाला ऐंशीच्या आसपासच उड्या होतात. ४ किलोबाइटचा तुकडा केबलवरून न्यायला ३ जीबीला १४ मायक्रोसेकंद लागतात, ६ जीबीला ७. बारा हजार मायक्रोसेकंदांच्या कामात सातांची बचत. उपाय हवा असेल तर चालू प्रोजेक्ट एसएसडीवर ठेवा किंवा प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवा.

"रीबिल्ड अर्ध्या वेळात."

८ टेराबाइटची डिस्क सरासरी १५० मेगाबाइटने पूर्ण लिहायला सुमारे १५ तास लागतात. पोर्ट बदलून तो वेळ बदलत नाही.

जे मेसेजमध्ये अजिबात नाही ते आता. गंगापूर रोडच्या एका स्टुडिओत, म्हणजे ओळखीतल्या त्या दुसऱ्याकडे, रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी रेड) बोर्डावरच्या इंटेलच्या रेडने बनवलेली होती. चारही केबली काढून नव्या कार्डाला लावल्या. इंटेलने डिस्कांवर लिहिलेली मांडणी दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला कळत नाही. विंडोजने चारही डिस्का नव्या समजून 'इनिशियलाइझ करायचं का?' विचारलं. त्या दादांनी मला फोन केला, तेव्हा कर्सर 'ओके'वर होता. मी म्हटलं, "हात लावू नका, मशीन बंद करा, केबली होत्या तशा बोर्डाला लावा." रेड परत दिसली. डेटाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. लिनक्सच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये (एमडी रेड) डिस्का दुसऱ्या कंट्रोलरवर नेता येतात, बोर्डाच्या रेडमध्ये ते गृहीत धरू नका.

"सिंहस्थाआधी करून घ्या."

रामकुंडावर शाही स्नानाच्या दिवशी तुम्ही दहा-बारा मेमरी कार्डं भरणार आणि ती रात्रीच रिकामी करायची असणार. यूएचएस-१ वर्गाचं एसडी कार्ड त्या मानकाप्रमाणे १०४ मेगाबाइटपेक्षा जास्त देऊ शकत नाही. रीडर जुना यूएसबी २.० चा असेल तर ३५-४० वर थांबतं. दोन्ही वेग तुमच्या ३ जीबीच्या एका पोर्टच्या मर्यादेपेक्षाही खूप कमी आहेत. साटा कार्डाला ठेवलेल्या पैशांत यूएसबी ३ चे दोन चांगले रीडर घ्या, उरलेले एका वेगळ्या डिस्कच्या किमतीत घाला. रोज रात्री तिच्यावर दुसरी प्रत काढा आणि ती डिस्क स्टुडिओत न ठेवता घरी न्या.