सहकुटुंब समुद्रस्नान : काही अनुभवसिद्ध सूचना

कुटुंबाला समुद्रावर न्यायचं ठरलं की पहिला नियम : कोणालाही काही विचारायचं नाही. कुटुंबप्रमुख तुम्ही आहात. समुद्र तुम्ही लहानपणी एकदा पाहिलेला आहे आणि त्यानंतर त्यात काही विशेष बदल झाल्याचं ऐकिवात नाही.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघत बसू नका. मागच्या रविवारी जाऊन आलेला मित्र म्हणाला ना, चार वाजता पाणी पार लांब होतं? मग या रविवारीही लांबच असणार. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि आठवड्याभरात ओहोटीच्या जागी भरती येऊन बसते, ही चंद्राची भानगड आहे. चंद्राला तुम्ही सहलीचं आमंत्रण दिलेलं नाही. त्यातून पौर्णिमा गाठलीत तर फारच छान. बायकोला चांदणं दाखवता येतं. उधाणही त्याच सुमारास येतं, हे तिला आपोआप कळेल.

गाडी थेट वाळूत घाला. सामान कोण वाहणार? चाक रुतलं की ॲक्सिलरेटर दाबून धरा. चाक जागच्या जागी गरागरा फिरून स्वतःसाठी छान खड्डा करून घेतं. एवढ्यात कोणीतरी येऊन ‘टायरमधली हवा थोडी कमी करा आणि हळूहळू काढा’ असं सांगेल. अशा माणसांना किनाऱ्यावर दुसरा उद्योग नसतो. घरच्यांना धक्का मारायला लावा. तुम्ही स्टिअरिंगवरच बसा, कारण ‘मारा, मारा’ म्हणायला जबाबदार माणूस लागतो.

सनस्क्रीन सकाळी निघताना एकदा चोपडलं की झालं. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा, हे बाटल्या खपवायचे धंदे. आभाळ आलं असेल तर बाटली उघडूच नका. अतिनील किरण ढगांतूनही येतात म्हणे, येऊ देत. संध्याकाळी गॉगल काढाल तेव्हा मुलं इतकी हसतील, की सहलीचा खर्च तिथेच वसूल.

मुलांना निसर्गाची ओळख वडिलांनीच करून द्यावी. वाळूत जेलीफिश पडलेला दिसला की त्याला बोट लावा आणि म्हणा, ‘घाबरू नका, मेलाय तो.’ मेलाय हे खरंच आहे. त्याच्या डंखपेशींना मात्र ती बातमी अजून पोचलेली नसते. आता बोट खसाखसा चोळा, म्हणजे कातडीवर राहिलेल्या पेशीही कामाला लागतील. याच वेळी मेहुण्याला एक जुना उपाय आठवेल. तो कोणता हे चारचौघांत लिहिता येत नाही. त्याचा काही उपयोग नसतो, हे जीवरक्षक धावत येऊन सांगेपर्यंत मेहुणा आडोशाला जाऊन तयारीला लागलेला असतो.

(एका बाबतीत मात्र माझं ऐकू नका. लाटांच्या मध्येच जो पट्टा शांत दिसतो, तिथून पाणी आत ओढत असू शकतं. त्या जीवरक्षकाची शिट्टी वाजली की निमूट बाहेर या. थट्टा बाकीच्या गोष्टींची.)

चटई अगदी पाण्याच्या कडेला अंथरा. वाळू ओलसर आहे म्हणजे गारवा आहे. चपला, फोन, गाडीची किल्ली सगळं उशाशी घ्या आणि डोळा लागू द्या. आईंनी खुर्ची पार वर, झुडपांपाशी नेली असेल तर नेऊ द्या. म्हाताऱ्या माणसांना समुद्राची मजा काय कळणार?

जाग येईल तेव्हा एक चप्पल क्षितिजाकडे निघालेली असेल, किल्लीचा पत्ता नसेल आणि गाडीची मागची चाकं समुद्रस्नान करत असतील. अशा वेळी आरडाओरडा न करता चिंब अंगाने वर जा. आई खुर्चीत कोरड्या बसलेल्या असतील.

‘पाणी इतकं वर येणार, हे तुला कसं कळलं?’

त्या बोटाने दाखवतील. वाळलेलं शेवाळ, शिंपले, काटक्या यांची किनाराभर गेलेली एक रेघ. चटईच्या बऱ्याच वर, गाडीच्याही वर.

‘काल तिथवर आलं होतं की.’

‘मग सांगायचं नाही का?’

‘तू धक्का मारायला सांगत होतास,’ त्या म्हणतील. ‘म्हटलं, मध्ये कशाला बोला.’