नाळ वर ठेवा, भावोजी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्याच्या अंगणात गेल्या दिवाळीपासून एक होडी आहे. ग्वाल्हेरात होडी म्हटल्यावर लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या बायकोकडे. आमची शहरातली नदी म्हणजे स्वर्णरेखा, तिच्या काठाने जाताना नाकाला रुमाल लागतो. बरं पाणी आहे ते तिघऱ्याला, सांक नदीवरच्या 1916 सालच्या धरणात, आणि ते आम्ही पितो.

होडी माझ्या मेव्हण्याची. 12 फुटी, फायबरची, पांढरीशुभ्र. धरणात घालायच्या परवानगीचा त्याचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर वल्हवत असतानाच त्याची बदली झाली. तीही कुठं, तर रत्नागिरीला. समुद्र तिकडे, होडी इकडे.

"दोनच महिने, भावोजी. थंडीपुरती नीट झाकून ठेवा."

"माझ्या भावाची आहे, बेवारशी नाही," ही म्हणाली. विषय संपला.

मग रोज रात्री फोनवरून शिकवणी. "नाळ वर ठेवा." मला नाळ म्हटलं की बारसं आठवतं. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, हे कळायला एक संध्याकाळ गेली. ते विटा रचून उचलायचं, म्हणजे आत पडलेलं पाणी मागे वाहत येतं, आणि मागचं बूच काढून ठेवलेलं असलं की निघून जातं. बूच काढलं. काळं, रबरी, मूठभर. हिच्या हातात दिलं आणि जपून ठेव म्हणालो. इंजिनातलं पेट्रोलही काढायचं होतं, कारण हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते पडून राहिलं की हवेतला ओलावा ओढून घेतं. फुकटचं पेट्रोल वाया कशाला घालवा, म्हणून मी ते स्कूटरमध्ये ओतलं. त्यात इंजिनचं ऑईल मिसळलेलं असतं ही शिकवणी दुसऱ्या दिवशीची होती. गल्लीत त्या सकाळी धुकं जरा लवकर उतरलं, एवढंच सांगतो.

आता झाकण. दाल बाजारात जाऊन मी ताडपत्री मागितली. दुकानदाराने चष्मा वर केला. "ताड़पत्र? वो तो गूजरी महल के म्यूज़ियम में देखिए, साहब." तीन पिढ्या इथे काढल्या, पण ऐन वेळी तोंडातून ताडपत्रीच निघते. इथे तिला तिरपाल म्हणतात. 12 बाय 18 ची निळी तिरपाल घेऊन आलो.

बांधायला मला दोनच गाठी येतात, सुरगाठ आणि निरगाठ. पहिली लेंग्याला मारतो, दुसरी चुकून लेंग्यालाच बसते. तिरपाल चहूबाजूंनी जमिनीपर्यंत ओढली, विटांना दोऱ्या आवळल्या आणि परिटाच्या गाठोड्यासारखी होडी बांधून टाकली. मुंगी शिरणार नाही, असं स्वतःशी म्हणालोसुद्धा.

मुंगी शिरली नाही, शेजारी शिरले. जानेवारी म्हणजे आमच्याकडे मेळ्याचे दिवस. 1905 पासून भरणारा हा मेळा आता निम्मा गाड्यांचाच. तिथे गाडी घेतली की रोड टॅक्समध्ये सूट मिळते, म्हणून अर्धं शहर वर्षभर गाडी घ्यायची थांबतं. अंगणात झाकलेलं 12 फुटी काहीतरी दिसल्यावर दुसरं कोणाला काय वाटणार? "अभिनंदन! कोणतं मॉडेल?" तिघांना होडी आहे म्हणून सांगितलं. तिघेही "नका सांगू" म्हणून रुसले. चौथ्यापासून आम्ही तोंड गोड करायला गजक द्यायला लागलो.

आठवड्याने एक कोपरा उचलून बघतो तर आत पावसाळा. बाहेर थेंब पडलेला नाही, आणि तिरपालीच्या आतल्या अंगाला थेंबांची रांग, एकेक फुगतोय आणि बाकाच्या फळीवर टपकतोय. फळीवर हिरवट भुरी. वास बंद पडलेल्या फ्रिजचा. दिवसा उन्हानं खालच्या ओल्या जमिनीची वाफ व्हायची, रात्री पारा 4 अंशांवर आला की तीच वाफ गार प्लॅस्टिकला चिकटून पाणी व्हायची. मी होडी झाकली नव्हती, तिला वाफारा देत होतो.

"हवा खेळती पाहिजे, भावोजी!" हे फोनवर आत्ता.

दोन्ही टोकं उघडी केली. हवा खेळली, आणि काय खेळली! रात्रभर तिरपाल फडफडायची. कडा उडू नयेत म्हणून मी पाण्याच्या बाटल्या लटकवल्या, त्या पोटावर ठक्‌ ठक्‌ आपटायच्या. वाड्यातल्या काकूंनी दोन रात्री रामरक्षा म्हटली. सकाळी बघितलं तर जिथे तिरपाल घासत होती तिथली पांढरी चकाकी गेलेली.

मग मावठा आला. चार तास सलग. पहाटे खिडकीतून बघितलं तर तिरपालीच्या मधोमध खोलगट तळं, वर दोन साळुंक्या. अंगणात छोटा तिघराच. दीड मीटर लांब, मीटरभर रुंद, सरासरी वीतभरालाही कमी खोल. तरी हिशेब केला तर 150 लिटर, म्हणजे 150 किलो. होडीच्या डोक्यावर दोन मेव्हणे बसल्यासारखे. बादलीने उपसायला लागलो. दहावी बादली माझ्या स्वेटरच्या बाहीतून आत गेली.

शेवटी वाड्याची कौलं शाकारणारा म्हातारा मिस्त्री आला. त्याने होडी बघितली, मग मला बघितलं. "बीच में बाँस डालो साहब, जैसे घर पे डलता है।" आढं! ज्या छपराखाली माझा जन्म गेला त्याचं आढं मला होडीवर सुचू नये? नाळेपासून मागपर्यंत उभा बांबू, त्यावरून दोन्हीकडे उतार, बांबूच्या टोकांना जुन्या गोधडीचे बोळे. दोऱ्या विटांना नाही, होडीच्या पोटाखालून घेतल्या, म्हणजे वाऱ्याने तिरपाल ओढली तरी विटा जागच्या जागी. पुढचा पाऊस सरळ अंगणात ओघळला. आत हात फिरवला, कोरडं. मी तासभर तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो. अभिमान लपत नव्हता.

एकच गोष्ट बिनसली. ऊब आणि आडोसा बघून होडीत उंदीर आले. होडीत खायला काही नव्हतं, म्हणून जेवायला ते मोरीतून आमच्या स्वयंपाकघरात यायला लागले. आठवडाभर हिने आरडाओरडा केला आणि मग अचानक बंद केला. मी विचारलं नाही. संसारात शांतता झाली की कारण विचारत नाहीत.

वसंतपंचमीला मेव्हणा आला. तिरपाल काढली, फळीवर बोट फिरवलं, बोट बघितलं. "वा, भावोजी." मग मागे वाकला. "बूच कुठंय?"

मी हिच्याकडे बघितलं. ही स्वयंपाकघराकडे.

मोरीत ते असं काही बसलं होतं, जणू त्याच मापाने केलेलं. मेव्हणा उकिडवा बसून दोन्ही हातांनी ओढत होता, आणि ही दारातून ओरडत होती, "अरे, राहू दे! आज पुरणपोळी आहे, उंदीर येतील!"